आतला थर

गेली वीस-बावीस वर्षे मी महाविद्यालयात मराठी शिकवते आहे. या काळात गोधडीवरच्या किती कविता, किती ललितलेख, विद्यार्थ्यांच्या वार्षिकांकातले किती निबंध वाचनात आले, त्यांची मोजदाद करणे कठीण आहे. त्यांचा साचा साधारणपणे ठरलेला असतो. आजीच्या लुगड्याचा एक तुकडा, बापाच्या धोतराचा एक, लग्न होऊन गेलेल्या बहिणीच्या परकराचा एक. हे सगळे आई एका दोऱ्यात ओवते आणि शेवटी त्यातून ऊब मिळते. 'गोधडी हे मातृप्रेमाचे प्रतीक आहे' हे वाक्य उत्तरपत्रिकेत दिसले की आपण गुण देतो, आणि ते योग्यच आहे, कारण ते विधान चुकीचे नाही. मात्र एखादी वस्तू प्रतीक झाली की तिच्याकडे पुन्हा पाहण्याची निकड उरत नाही. ती कशी करतात, तिला किती दिवस लागतात, तिच्या पोटात काय असते, हे प्रश्न आपोआप बाजूला पडतात. आमगावच्या घरी २०२३ आणि २०२४ या दोन उन्हाळ्यांत आईने आणि मी मिळून एक गोधडी पुरी केली. तिच्या निमित्ताने या बाजूला पडलेल्या प्रश्नांविषयी थोडे लिहावे असे वाटते.

आधी शब्दाविषयी. संस्कृतातली कंथा बंगालीत कांथा झाली, हिंदीत कथरी झाली. बिहारात सुजनी आहे, कन्नडात कौदी आहे. आपल्याकडे गोधडी आणि वाकळ हे दोन्ही शब्द चालतात. झाडीबोलीत ळचा र होतो, त्यामुळे माझी आजी वाकळीला 'वाकर' म्हणत असे. नाथपंथी जोग्याच्या वेषातली कंथा ही वैराग्याची खूण होती. आमच्या विदर्भातल्या गाडगेबाबांना त्यांच्या ठिगळांच्या वस्त्रांमुळे लोक 'गोधडे महाराज' असेही म्हणत. म्हणजे एकच वस्तू एकीकडे संसाराच्या मध्यभागी, बाळंतिणीच्या खाटेवर, आणि दुसरीकडे संसार सोडलेल्याच्या खांद्यावर. दोन्हीकडे समान असते ते एवढेच की कापडाचे पहिले आयुष्य तिथे संपलेले असते.

आमगाव हे मुंबई-हावडा लोहमार्गावरचे, गोंदियाच्या पूर्वेचे तालुक्याचे गाव. गाडी पुढे सालेकसा, दरेकसा ओलांडून छत्तीसगडात शिरते. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला. तेव्हापासून आमचा पत्ता बदलला, बाकी फारसे काही बदलले नाही. हा धानाचा मुलूख. शेताला इथे 'बांधी' म्हणतात, कारण पाणी अडवण्यासाठी प्रत्येक तुकड्याला चहूबाजूंनी बांध घातलेला असतो. पावसाळ्यात रोवणी, दिवाळीच्या सुमारास कापणी, मग मळणी, मग मंडईचे दिवस. बायकांच्या हाताला थोडी उसंत मिळते ती होळीनंतर, तीही मोहफुले आणि तेंदूपाने यांच्या हंगामातून उरेल तेवढीच. गोधडी शिवायची ती या दिवसांत, मृग लागायच्या आत. कारण अगदी व्यावहारिक आहे: धुतलेले जुने कापड कडक उन्हात पूर्ण वाळले पाहिजे, आणि अंगणात किंवा पडवीत सात-आठ हात जागा पसरायला मोकळी हवी. थंडीसाठीची वस्तू भर उन्हाळ्यात तयार होते, ही गोष्ट गोधडीवरच्या कवितांमध्ये क्वचितच आढळते.

आम्ही करायला घेतली ती गोधडी मात्र आमच्या घरच्या रीतीची नव्हती. ती कल्पना माझी होती. पाश्चात्त्य देशांत 'सॅम्पलर क्विल्ट' नावाचा एक प्रकार आहे. त्यात प्रत्येक चौकोन वेगळ्या नमुन्याचा असतो. एका अर्थी शिकणारीची ती वहीच. सॅम्पलर हा शब्द मूळ लॅटिन 'एक्झेम्प्लुम'पर्यंत, म्हणजे उदाहरण किंवा वस्तुपाठ या अर्थापर्यंत, मागे जातो. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात जेन बोस्टॉक या स्त्रीने १५९८ साली भरलेला एक नमुनापट आहे. नाव आणि साल घातलेल्या इंग्रजी नमुनापटांत तो सर्वांत जुना मानला जातो. अॅलिस ली नावाच्या मुलीच्या जन्माची नोंद त्यावर टाक्यांनी केलेली आहे. पुढे हे नमुने मुलींच्या शाळांतून जगभर गेले, आणि मिशन शाळांच्या वाटेने आपल्याकडेही आले. मॅटीच्या कापडावर भरलेले राघू आणि काचेच्या चौकटीतले 'सुस्वागतम्' ज्यांनी जुन्या घरांच्या बैठकीत पाहिले असेल, त्यांनी सॅम्पलरची मराठी नात पाहिली आहे असे म्हणायला हरकत नाही.

आई सातवीपर्यंत शिकली. तिच्या वेळी मुलींना शिवणकाम हा विषय होता, आणि त्याची एक वही असे. त्या वहीत हातभर रुंदीच्या कापडाचे लहान तुकडे करून प्रत्येकावर एकेक टाका घालायचा आणि पानावर चिकटवायचा: धावदोरा, तुरपाई, टीप, काज, ठिगळ. आईची ती वही अजून आहे. पाने पिवळी पडली आहेत, डिंकाच्या जागी वाळवीने वाटा केल्या आहेत, पण टाके शाबूत आहेत. काजाच्या तुकड्याखाली शिक्षिकेने तांबड्या शाईत 'ठीक' असा शेरा दिला आहे. पन्नास-साठ वर्षांनंतरही आईला तो शेरा अन्यायाचा वाटतो. सॅम्पलर म्हणजे काय ते मी तिला समजावून सांगू लागले, तेव्हा तिने उठून ती वही आणली आणि माझ्यापुढे ठेवली. समजावणे तिथेच संपले.

दोन वीत लांब, दोन वीत रुंद असे वीस चौकोन. आडवे चार, उभे पाच. म्हणजे सहा फूट बाय साडेसात फूट. आईने त्या चौकोनांना पहिल्याच दिवशी 'बांध्या' म्हणायला सुरुवात केली आणि मधल्या जोडपट्ट्यांना 'धुरे'. मला त्यात प्रतिभा दिसली, तिला सोय. नंतर मला विनयपिटकातली एक कथा आठवली. महावग्गात असे सांगितले आहे की दक्षिणागिरीकडे जाताना बुद्धाने मगधातली बांधाबांधांची शेते पाहिली आणि भिक्षूंची चीवरे त्या आकृतीवर बेतता येतील का असे आनंदाला विचारले. आनंदाने तसे चीवर बेतून दाखवले. अडीच हजार वर्षांनंतरही भिक्षूंचे चीवर तुकडे जोडून, शेताच्या नकाशासारखेच शिवले जाते. धानाच्या बांधीवरून शिवणाकडे जाणारी वाट माझ्या आईला सापडली तशी ती फार पूर्वीही कुणाला सापडली होती, याचा मला आनंद झाला. आईला ही कथा सांगितली तेव्हा तिने विचारले, "मंग त्याइचं शिवून कोन देत होतं?" भिक्षू स्वतःच शिवत, असे मी म्हणाले. तिने मान डोलावली. बुद्धाविषयी तिचे मत बरेच सुधारलेले दिसले.

नमुने काही पुस्तकातले होते, काही आईचे. नऊ ठिकळ्यांचा चौकोन तिला तत्काळ पटला. 'लॉग केबिन' या अमेरिकन नमुन्यात मधोमध एक लहान, बहुधा लाल, चौकोन असतो आणि त्याभोवती पट्ट्या फिरत जातात. तो लाल चौकोन घरातल्या चुलीची खूण, असे सांगितले जाते. आई म्हणाली, "चूल घराच्या मधात कोन ठेवते वं? धूर कुठून जाईन?" तो चौकोन आम्ही केला, पण मधला तुकडा काळा घेतला. शंकरपाळे, पिंजरा, तुळशीवृंदावन हे तिने रांगोळीतून आणले. एका चौकोनात तिने नुसता धावदोरा घातला, कसलीही जोड न देता, आणि हाही एक नमुनाच असल्याचे सांगितले.

खरा मतभेद झाला तो कापडांवरून. माझ्या मनात एक यादी होती. प्रत्येक चौकोनाला एक माणूस, प्रत्येक माणसाचे एक कापड, आणि वहीत त्याची नोंद: हे कुणाचे, कोणत्या सालचे, कोणत्या प्रसंगाचे. आजीचे लुगडे नागपूरच्या एम्प्रेस मिलचे होते. १८७७ साली जमशेटजी टाटांनी सुरू केलेल्या त्या गिरणीचे कापड या भागातल्या कित्येक घरांत होते, आणि आता ती गिरणीच राहिलेली नाही. एक तुकडा कोष्ट्यांनी विणलेल्या करवतकाठी साडीचा होता. हे सगळे नोंदवून ठेवण्यासारखे आहे असे मला वाटत होते आणि आजही वाटते. आई मात्र कापड हातात घेऊन त्याची दोन टोके दोन्ही अंगठ्यांनी ताणून पाही, उन्हासमोर धरी आणि बाजूला ठेवी. तिची वर्गवारी वेगळीच होती. "कपड्याची जान पाह्य आधी," ती म्हणे. झिजलेल्या कापडाशेजारी नवे, कणखर कापड जोडले तर धुण्यात नवे आटते आणि जुन्याला फाडते. बायबलातही जुन्या वस्त्राला कोऱ्या कापडाचे ठिगळ लावू नये असा दाखला आहे, तो याच अनुभवाचा. म्हणून सारख्या जिवाची कापडे शेजारी यायला हवीत, मग ती कुणाचीही असोत. माझ्या यादीत आजी आणि आत्या शेजारी होत्या. आईच्या मांडणीत आजीच्या शेजारी आली ती भांडेवालीला द्यायची राहून गेलेली, कुणाची ते आता आठवतही नाही अशी एक विटकी साडी. दोघींची जान सारखी होती.

वडिलांचे सदरे मी गृहीत धरले होते. वडील प्राथमिक शिक्षक होते. त्यांना जाऊन आता बरीच वर्षे झाली. चौकशी केली तेव्हा कळले की सुती सदरे पुसणी होऊन केव्हाच संपले, आणि उरलेत ते टेरिकॉटचे. टेरिकॉट गोधडीत चालत नाही: ते पाणी शोषत नाही, थरांत सरकते, सुईला दाद देत नाही आणि अंगाला ऊब न देता घाम आणते. गोधडी मागे पडली ती नव्या पिढीला तिची लाज वाटू लागली म्हणून, असे आपण सहज म्हणतो. त्यात तथ्य आहे, पण अर्धेच. मला तर वाटते की आधी कापड बदलले. टेरिलीन, टेरिकॉट, नायलॉन घरात आले आणि जुने होऊन मऊ पडणारे कापडच दुर्मीळ झाले. जे सुती उरले ते स्टीलच्या भांड्यांवर गेले. पुढे पानिपतचे ब्लँकेट बाजारात स्वस्त मिळू लागले. भावना शाबूत होत्या. कच्चा माल संपला. वडिलांचा चौकोन अशा रीतीने यादीतून गळला. आईच्या चेहऱ्यावर त्याबद्दल काही दिसले नाही. पुसणे म्हणून ते सदरे तिने रोज हाताळले होते, हेही खरे.

येथे एक प्रतिउदाहरण नोंदवले पाहिजे, नाहीतर माझे म्हणणे एकांगी होईल. अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात जीज बेंड नावाची वस्ती आहे. गुलामगिरीत राबलेल्या लोकांच्या वंशजांची ती वस्ती. तिथल्या स्त्रियांनी कामाच्या कपड्यांपासून शिवलेल्या गोधड्या २००२ साली ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात भिंतीवर लावल्या गेल्या. आधुनिक चित्रकलेशी त्यांची तुलना झाली. त्यांत मिसूरी पेटवे या स्त्रीची १९४२ सालची गोधडी आहे. नवरा वारल्यावर तिने त्याचे कामाचे कपडे उसवले आणि मुलीला हाताशी घेऊन त्यांची गोधडी केली: त्याची आठवण म्हणून पांघरण्यासाठी. ही हकीकत पुढे तिच्या मुलीने, अर्लोन्झिया पेटवे यांनी, सांगितली. म्हणजे कापडात माणूस पाहणे हा केवळ आम्हा शिकलेल्या मुलींचा चाळा नाही. एखादी आई स्वतःच ते करू शकते, उघडपणे, गोधडीच्या दर्शनी बाजूवर. प्रत्येक घराची ठेवण निराळी असते, एवढाच निष्कर्ष यातून काढता येईल. मात्र त्या प्रदर्शनाची छायाचित्रे पाहताना एक गोष्ट माझ्या मनात राहिली. भिंतीवर लावलेल्या गोधडीची एकच बाजू दिसते. अस्तर भिंतीकडे जाते, आणि आतला थर तर तसाही कुणाला दिसत नसतो.

आमच्या पद्धतीच्या गोधडीला तीन भाग असतात. खाली अस्तर: शक्यतो एकच जुने लुगडे. नऊ वारी लुगड्यातून अडीच-अडीच वारांचे दोन पन्हे काढून जोडले की आमचे अस्तर झाले. चार वार उरले. वर दर्शनी बाजू. आणि मध्ये आतला थर: फाटकी धोतरे, पंचे, चादरी, जे वर दाखवण्याजोगे नाही ते सगळे. गोधडीचे वजन आणि ऊब या मधल्या थरात असते. सगळे सुरकुती न पडू देता पसरायचे, लांब कच्च्या टाक्यांनी धरून ठेवायचे, आणि मग कडेपासून सुरुवात करून आत आत फिरत मध्यापर्यंत यायचे. उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी स्त्रियाही आपली कवंदी कडेकडूनच मध्याकडे शिवत नेतात, आणि चारही कोपऱ्यांना कापडाची फुले लावतात. दोन ओळींत बोटभर अंतर. दोरा हातभरच घ्यायचा, लांब घेतला तर गुंततो. गाठ वर दिसू द्यायची नाही. मी एकदा हिशेब केला: ओळींत पाऊण इंच अंतर धरले तर आमच्या गोधडीत सुमारे दोनशे वीस मीटर शिवण येते, आणि अर्ध्या इंचाला एक टाका या दराने सतरा हजारांहून अधिक टाके. आईला हा आकडा सांगितला. ती म्हणाली, "मोजून कायले रायली? मोजलं का हात दुखते."

आईच्या एका डोळ्याला आता नीट दिसत नाही. सुईत दोरा मी ओवून देई. तिच्या ओळी डावीकडे किंचित झुकतात, माझ्या सरळ जातात, कारण मी डोळ्यांनी शिवते आणि ती बोटांनी. समोरासमोर बसून आम्ही दोन कडांनी आत येत होतो. रोवणी करणाऱ्या बायका मागे मागे सरकत जातात तशी ती बसल्या बसल्या मागे सरके. तिच्या ओळी सरळ कराव्यात असे मला वाटले नाही. तिने माझ्या मात्र तीन ठिकाणी उसवल्या. टाके वर सुरेख होते, पण अस्तरापर्यंत पोहोचलेच नव्हते. "वरून चांगलं दिसते. खालून पकडलंच नाही," हे तिचे वाक्य मी नंतर काही प्रबंध तपासताना मनातल्या मनात वापरले आहे.

मला ज्याविषयी लिहायचे आहे ते या टप्प्यावर घडले. पहिल्या उन्हाळ्यात वरचे वीस चौकोन जोडून झाले होते. दुसऱ्या उन्हाळ्यात थर पसरायला घेतले. अस्तर घातले, त्यावर धोतरे आणि चादरी. आई आत गेली आणि पेटीतून एक दुपटे घेऊन आली. लहान, पांढरे, कडेला निळा धावदोरा. माझा एक भाऊ होता. १९८१च्या पावसाळ्यात तो तापाने गेला. तेव्हा तो चौदा महिन्यांचा होता आणि मी पाच वर्षांची. त्याचे छायाचित्र नाही. घरात त्याचा उल्लेख होत नसे. ठरवून टाळला जाई असेही नाही, होत नसे एवढेच. हे दुपटे चाळीसहून अधिक वर्षे पेटीत आहे, हे मला ठाऊक नव्हते.

माझा हात पहिल्यांदा वरच्या चौकोनांकडे गेला. एक चौकोन उसवता आला असता. नुसत्या धावदोऱ्याच्या चौकोनाऐवजी ते दुपटे तिथे शोभलेही असते, आणि माझ्या यादीला जे केंद्र मिळत नव्हते ते मिळाले असते. मी तसे सुचवले. आईने उत्तर दिले नाही. तिने दुपटे मधल्या थरावर एका ठिकाणी पसरले, तळहाताने दोनदा सारखे केले, वर एक जुनी चादर घातली आणि मग दर्शनी बाजू ओढून घेतली. "जान आहे अजून त्यात," ती म्हणाली. मग कच्चे टाके घालायला लागली.

आमगावजवळ पदमपूर नावाचे गाव आहे. भवभूतीचे पद्मपूर ते हेच, असे वा. वि. मिराशी यांनी मांडले, आणि आमच्या गावच्या महाविद्यालयालाही भवभूतीचेच नाव आहे. आठव्या शतकातला हा कवी प्रस्तावनेत आजोबांचे आणि वडिलांचे नाव सांगतो, आणि स्वतःची ओळख 'जतुकर्णीचा पुत्र' अशीही देतो. आईच्या नावाने स्वतःची ओळख सांगणाऱ्या कवीच्या गावात आपण राहतो, याचा आम्हा मुलींना शाळेत असतानाच अभिमान वाटे. 'उत्तररामचरिता'चा पहिला अंक चित्रदर्शनाचा आहे. राम, सीता आणि लक्ष्मण गतायुष्याच्या प्रसंगांची चित्रे पाहत जातात. एका अर्थी तोही नमुन्यांचा पटच, एकेका चौकटीत एकेक प्रसंग. त्यात विवाहाच्या चित्रापाशी लक्ष्मण ओळख करून देतो: ही आर्या, ही मांडवी, ही श्रुतकीर्ती. ऊर्मिलेला तो वगळतो. सीता थट्टेने विचारते की ही आणखी एक कोण, आणि लक्ष्मण लाजून विषय पुढे नेतो.

रवींद्रनाथांनी 'काव्येर उपेक्षिता' या निबंधात ऊर्मिलेला काव्यातल्या उपेक्षितांत गणले, आणि तेव्हापासून तिच्याविषयीचे आपले बोलणे बहुतेक याच दिशेने जाते. उपेक्षेच्या त्या चर्चेचे महत्त्व मी कमी लेखत नाही. स्त्रीवादी समीक्षेने तिच्यातून बरेच मिळवले आहे. पण भवभूतीच्या या प्रवेशात लक्ष्मण ऊर्मिलेचे नाव घेत नाही ते ती क्षुल्लक आहे म्हणून नव्हे. त्या चित्रात सर्वांत जवळची तीच आहे, आणि जवळच्या माणसाकडे चारचौघांत बोट दाखवता येत नाही. नाव न घेणे हे विस्मरण असू शकते, अन्याय असू शकतो, आणि क्वचित तो सांभाळही असू शकतो. यांपैकी काय आहे हे ठरवायला त्या घरातले थोडे तरी ठाऊक असावे लागते. मौन दिसले की दडपणूक, ही वाचनाची सवय आता आपल्या अभ्यासक्रमात इतकी रुळली आहे की दुसऱ्या शक्यतेसाठी थांबायला आपण विद्यार्थ्यांना सांगत नाही. उलट दिशेचा धोकाही आहेच: प्रत्येक मौनाला माया म्हणून मोकळे होणे. आजीच्या पिढीतल्या कित्येक बायकांची मौने लादलेलीच होती, आणि त्यांना ऊब म्हणणे हा त्यांच्यावर आणखी एक अन्याय ठरेल. आई स्वतः त्या वेळी रडू शकली होती का, तिला रडू दिले होते का, हे मी तिला त्या दुपारी विचारले. "रोवणी चालू होती," एवढेच ती म्हणाली. या उत्तरात दोन्ही आहेत, लादलेलेही आणि जपलेलेही, आणि ते वेगळे करणे मला जमलेले नाही.

गोधडीच्या प्रतीकाकडे मी आता या बाजूने पाहते. आपल्या कवितांतली गोधडी बहुधा दर्शनी बाजूची असते. तिच्यातले तुकडे ओळखता येतात, प्रत्येकाची आठवण सांगता येते, आणि सांगून झाल्यावर कविता संपते. तिला काहीच झाकायचे नसते. प्रत्यक्षातल्या गोधडीत मात्र जे ओळखता येते ते सर्वांत हलके असते. उबेचे काम करणारा थर आत असतो; आणि तो तिथे टिकतो तो एखाद्या भावनेच्या जोरावर नाही, बोटभर अंतराने फिरणाऱ्या शिवणीमुळे. ती शिवण अस्तरापर्यंत पोहोचली नाही तर दोन धुण्यांत आतले कापड गोळा होऊन एका कोपऱ्यात जमते. चांगल्या लेखनाविषयीही असे काही म्हणता येईल, पण तो मोह आवरते. गोधडीला लेखनाचे रूपक करण्याइतपत तिची माझी ओळख अजून झालेली नाही.

हा लेख लिहावा की नाही हे मी आईला विचारले, कारण जे तिने झाकले ते मी उघडे करणार होते. ती बराच वेळ तांदूळ निवडत राहिली. मग म्हणाली, "लिही. माह्या पोराचं कुठं तरी लिवलेलं राहीन." आणि थोड्या वेळाने: "पन कोनत्या बांधीखाली आहे, थे नको लिहू."

गोधडी आता तिच्या खाटेवर असते. तिचा एक कोपरा लाल आहे. तो डोक्याकडे घ्यायचा, म्हणजे पायाकडची बाजू तोंडावर येत नाही. वीस चौकोनांच्या नोंदींची माझी वहीही पुरी झाली आहे. तिच्यात कापडांची नावे आहेत, अंदाजाने साले आहेत, आणि जिथे माणूस आठवला नाही तिथे आईच्या सांगण्यावरून 'मऊ', 'मध्यम', 'विरळ' असे शेरे आहेत. गेल्या उन्हाळ्यात ती पहिल्यांदा धुतली. भिजलेली गोधडी एकटीला उचलत नाही. दोघींनी दोन टोके धरून उलट्या दिशांनी पिळावी लागते. पिळून झाल्यावर आईने ती दोरीवर टाकली, अस्तराच्या बाजूने हात फिरवून टाके चाचपले आणि दोन ठिकाणी बोट ठेवले. ते दोन्ही टाके माझे होते. मी सुई आणायला आत गेले.